काळसूची अट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिवाळ्यातले सुटीचे दिवस आणि डोंगर या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली. मी काही गिर्यारोहक नव्हे. दोर लावून कडा चढणे मला येत नाही, आणि आता वय त्रेसष्ट असल्यामुळे येण्याचा संभवही नाही. पन्नाशीपर्यंत माझे डोंगर चढणे म्हणजे वर्षातून एकदा वणीच्या देवीच्या पायऱ्या. परंतु गेली बारा-तेरा वर्षे दिवाळीनंतर होळीपर्यंत महिन्यातून एखादा रविवार मी आणि मंडळातल्या काही जणी सह्याद्रीत जात आलो आहोत. त्यात जे चुकले, ते तुम्हांला सांगणे जास्त उपयोगाचे ठरेल, असे मला वाटते.

आधी सुटीविषयी. रविवार हा सुटीचा दिवस आहे असे पंचांगाखाली छापलेले असते. ते छापणाऱ्याच्या घरी कोण स्वयंपाक करते ते मला माहीत नाही. आपल्याकडे रविवारी सगळे घरात, म्हणून चहा चार वेळा. न्याहारीला काहीतरी वेगळे. इस्त्रीचे कपडे, मुलींच्या डोक्याला तेल, आणि हिवाळा असला म्हणजे मटार. बाजारात शेंगा स्वस्त झाल्या की घरातला पुरुष मोठ्या उत्साहाने पाच किलो आणतो आणि त्याचे काम संपते. माझ्या कित्येक डिसेंबरांतल्या रविवारांचा हिशेब काढला तर तो सालींच्या ढिगातच निघेल. तेव्हा "मोकळा रविवार डोंगरात घालवावा" हे वाक्य पुरुषांच्या सभेत एका दमात म्हणता येते. आपल्या सभेत त्यातल्या "मोकळा" या शब्दाशीच थांबावे लागते. मी पुन्हा त्याकडे येणारच आहे.

हिवाळाच का, ते थोडक्यात सांगते. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण दगडांवर शेवाळ असते, ओढे एकाएकी फुगतात आणि धुक्यात दोन हातांवरची वाट दिसत नाही. उन्हाळ्यात गडांवरची टाकी आटतात आणि कातळ तापतो. मार्गशीर्ष, पौष, माघ या तीन महिन्यांत मात्र कातळ कोरडा असतो, बहुतेक टाक्यांत अजून पाणी असते आणि हवा इतकी स्वच्छ की लांबचे डोंगर ओळखता येतात. हजार मीटर वर चढले की हवा सुमारे सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. दुपारी बारा वाजता कड्यावर बसून अंगावर शाल घ्यावीशी वाटते, हे सुख मुंबईच्या बाजूला राहणाऱ्या बाईला दुसरीकडे कुठे मिळणार?

पण या ऋतूत एक फसवणूक आहे. डिसेंबरातला आपल्याकडचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, जूनमधला सव्वातेरा. ऊन लागत नाही म्हणून आपण रमतो, आणि सहा वाजता सूर्य बुडालेला असतो. डोंगरात संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. याच फसवणुकीत आम्ही सापडलो.

डिसेंबर 2013 मधली गोष्ट. आम्ही नऊ जणींनी कळसूबाईला जायचे ठरवले. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. पायथ्याचे गाव बारी. ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (तेव्हा तो अहमदनगर होता) अकोले तालुक्यात आहे. कसाऱ्यापर्यंत लोकल, तेथून जीप ठरवून इगतपुरी, घोटी आणि मग बारी. सवयीचा माणूस तीन तासांत वर जातो. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, त्यामुळे आपल्यासारख्यांनी भिण्याचे कारण नाही, असे आम्हांला सांगण्यात आले होते आणि ते खरेही आहे.

पहाटेची पहिली कसारा लोकल धरायची असे ठरले होते. धरली चौघींनी. एकीकडे आदल्या रात्री नणंद मुलाबाळांसह मुक्कामाला आली. दुसरीचे दूध आले नव्हते, आणि दूध तापवून ठेवल्याशिवाय तिचा पाय घरातून निघेना. तिसरीने सासऱ्यांची पथ्याची भाकरी करायला घेतली. माझे काय विचारता? मी तीन वाजता उठून थालीपिठाचे पीठ भिजवले, दुपारची आमटी केली, कोशिंबीर चिरून झाकून ठेवली आणि कोणत्या डब्यात काय आहे याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. गॅसपाशी एक वेगळी चिठ्ठी: "आमटी गरम करताना ढवळावी." बावीस वर्षे संसार केलेल्या, बँकेत जबाबदारीच्या जागेवर असलेल्या माणसाला मी आमटी ढवळायला शिकवत होते, आणि तिकडे गाडी गेली.

पुढे गेलेल्या चौघी कसाऱ्याच्या फलाटावर अडीच तास कुडकुडत बसल्या. बारीतून चढायला लागलो तेव्हा अकरा वाजत आले होते. खालच्या एका घरी आम्ही संध्याकाळी झुणका-भाकरीला येतो म्हणून सांगितले. त्या घरच्या बाईने आम्हांला एकदा बोटाने मोजले, सूर्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "लवकर उतरा बरं."

चढताना काय गंमत आली ते सांगायचे तर वेगळे भाषण होईल. भातखाचरे संपली की वाट चढणीला लागते. वाळलेल्या गवताची कुसळे साडीच्या काठाला आणि मोज्यांना अशी टोचून बसतात की घरी आल्यावर दोन दिवस उपटावी लागतात. शिडीवर पहिला पाय ठेवताना माझ्या पोटात गोळा आला. माझ्या पुढे आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई नऊवारीचा काचा आवळून चढत होत्या, त्यांच्याकडे बघत मी चढले. (पुढे मी सलवार-कुडता घालू लागले, पण काचा मारलेली नऊवारी डोंगराला उत्तम, हे माझे मत त्या दिवशी झाले ते आजतागायत बदललेले नाही.) आणि वर पोहोचल्यावर! माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ, चारी बाजूंना नुसते आकाश. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एका ओळीत. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी, त्याच्या पलीकडे रतनगड. आणखी दूर हरिश्चंद्रगड. मी कितीतरी वेळ काही बोलले नाही. आमच्या घरात हे कुणी ऐकले तर विश्वास ठेवणार नाही.

देवीला हळदकुंकू वाहिले, फोटो काढले, तिळाच्या वड्या खाल्ल्या. तीन वाजता पोहोचलो होतो; उतरायला लागलो तेव्हा पावणेचार.

उतरण ही चढणीपेक्षा सोपी, असा जो समज आहे तो गुडघ्यांना माहीत नसतो. पहिल्या शिडीनंतरच आमच्यातल्या एका वहिनींचे पाय लटपटू लागले. हिवाळ्यात वाळलेले गवत आणि सुटा मुरूम यांच्यावरून पाय सरकतो. त्या दोनदा बसत्या झाल्या, मग बसूनच उतरू लागल्या. त्यांना टाकून पुढे जाणे शक्य नव्हते. सूर्य अलंगच्या मागे गेला तेव्हा आम्ही अर्ध्यावर होतो आणि एक शिडी अजून उतरायची होती. नऊ जणींत दोन बॅटऱ्या; त्यांतली एक मंद. मोबाइलला रेंज नाही. कशीबशी ती शिडी उतरलो, आणि मग पुढे चालणारीने जी वाट धरली ती वाटच नव्हे, गुरांची चाकोरी होती. ती एका टोकाशी संपली. पुढे काळोख. एकीने खडा टाकला. तो पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, तो मला अजून ऐकू येतो.

आम्ही होतो तिथेच बसलो. निदान एवढे शहाणपण सुचले. कुणी देवीचे नाव घेत होत्या, कुणी रडत होत्या. वहिनी थंडीने थरथरत होत्या. त्यांना मध्ये घेऊन आम्ही सगळ्या चिकटून बसलो. माझ्या डोक्यात त्या वेळी काय आले असेल? मुले नव्हे, नवरा नव्हे. ती आमटी ढवळली असेल का, हे आले.

तास-दीड तासाने खालून उजेड हलताना दिसला. तीच बाई, तिच्या मुलाला घेऊन आली होती. भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या, आणि नऊ गेल्या त्यांतली एकही उतरली नाही, म्हणून ती वर निघाली होती. आम्हांला कुणी बोलावून आणलेली सरकारी मदत नव्हती ती. भाकऱ्यांच्या हिशेबाने ती आम्हांला शोधायला आली. तिच्या पायांत साधी स्लीपर होती. वहिनींना तिने एका बाजूने आणि मुलाने दुसऱ्या बाजूने धरले आणि नऊच्या सुमाराला आम्ही बारीत पोहोचलो.

चुलीपाशी बसून भाकरी खाताना तिने आम्हांला काळसूची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी काहींनी ती ऐकली असेल. काळसू ही कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी सांगाल ते करीन. पाटलाने मान्य केले. पुढे एके दिवशी पाटलाकडे पुष्कळ पाहुणे आले, आणि अट मोडून तिला भांडी घासायला लावली, केर काढायला लावला. तिने केले, आणि करून झाल्यावर सरळ डोंगरावर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा, आणि ती राहिली ते हे शिखर. लोककथा आहे, खरेखोटे मी काय सांगणार? परंतु महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण भांडी घासायला नको म्हणणाऱ्या पोरीच्या नावावर आहे, हे मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते.

घरी पोहोचले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. हे जागे होते. "फोन का लागत नव्हता?" एवढेच विचारले, आणि मला वाटते त्यांना पुढे बोलवेना. मी मोरीत गेले. सकाळपासूनची सगळी भांडी तिथे होती. आमटीचे पातेले करपलेले. मी साडी खोचली आणि रात्री दीड वाजता घासायला बसले. घासता घासता मला हसू आले आणि मग रडू आले. थाळेमेळ शोधायला बारीला जायचे कारण नव्हते.

आता मी मघाशी अर्धवट सोडलेल्या मुद्द्याकडे येते. त्या प्रसंगानंतर मंडळात चर्चा झाली. वयस्क बायकांनी असले उद्योग करू नयेत, असे एक मत पडले. चांगले बूट आणि बॅटऱ्या घ्याव्यात, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. पण आम्ही संकटात सापडलो ते वयाने नव्हे आणि बुटांनीही नव्हे. आम्ही तीन तास उशिरा निघालो म्हणून सापडलो, आणि ते तीन तास स्वयंपाकघरात गेले होते. आठला चढायला लागलो असतो तर वहिनी बसत-बसत उतरल्या असत्या तरी उजेडात उतरल्या असत्या. रायगडाच्या हिरकणीचीही कथा बघा. तीही उशिरामुळेच अडकली. दरवाजे बंद झाले आणि तिला कडा उतरावा लागला. आपण तिच्या कडा उतरण्याचे कौतुक करतो, ते करावेच. तिचे मूल तान्हे होते, तिथे दुसऱ्या कुणाचा इलाज नव्हता. आमच्या घरातली मुले मात्र अठरा आणि वीस वर्षांची होती, आणि त्यांचे वडील बावन्नचे.

म्हणून आम्ही सहलीसाठी एक नियम केला आणि त्याला "काळसूची अट" असे नाव दिले. निघण्याच्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. चहासुद्धा नाही. आदल्या रात्री डबे भरून ठेवायचे नाहीत, चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. पिशवी भरायची आणि झोपायचे.

वाचायला सोपे वाटते. या नियमावरून दोघी जणींनी सहली सोडल्या. त्यांच्या घरी ते खपले नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. एकीच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते. तिला नियम सांगणे म्हणजे क्रूरपणा. मग न येणाऱ्या दोघींनी पाळी लावून त्या दिवशी त्यांच्यापाशी बसायचे ठरवले. तीन हिवाळे हे चालले, सासरे जाईपर्यंत. मंडळ कशासाठी असते, असे कुणी विचारले तर मी हळदीकुंकवाआधी हे सांगेन. आणखी एका घरी सासूबाईंनी, वय वर्षे ऐंशीच्या पुढे, "तू जा, मी पोहे करते" म्हणून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सूनबाई परत आल्या तर घरातल्या पुरुषांना पोह्यांत मीठ किती ते विचारायची हिंमत झालेली नव्हती.

जपानमधल्या जुंको ताबेई यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. 16 मे 1975 रोजी एव्हरेस्टवर पोहोचलेल्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. त्यांनी 1969 साली बायकांचा गिर्यारोहण मंडळ काढला, तेव्हा पैसे मागायला गेल्यावर घरी मुले सांभाळा असे त्यांना ऐकवण्यात आले. त्यांना लहान मुलगी होती. आपल्या बचेंद्री पाल 23 मे 1984 रोजी तिथे पोहोचल्या. आपण काही एव्हरेस्टला निघालो नाही. पण उत्तर ऐकायला मिळते ते कसाऱ्याला जातानाही तेच.

आता थोडे व्यवहाराचे. ज्यांना यंदा यायचे आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रत्येकीची स्वतःची बॅटरी, आणि निघण्यापूर्वी पेटवून पाहिलेली. पाणी तीन लिटर; वर विहीर आहे, टाके आहे, अशा भरवशावर राहू नये. बूट नवे कोरे घालून येऊ नये, आठ दिवस बाजारात वापरावेत. अत्तर, सेंट, सुगंधी तेल अजिबात नको, कारण कड्यांना आग्या मोहोळे असतात आणि वासाने व धुराने माश्या उठतात. यात हसण्यासारखे काही नाही. मोहोळ उठले तर कड्यावर पळायलाही जागा नसते. परतीची वेळ आधी ठरवायची. आमची एक वाजता असते. एक वाजला की शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी मागे फिरायचे. मी स्वतः एकदा रतनगडाच्या वाटेवरून अशी मागे फिरले आहे आणि आठवडाभर चरफडत होते. सर्वांत हळू चालणारी पुढे, सवयीची बाई शेवटी. शेवटचीच्या मागे कुणी राहता कामा नये.

एक नाजूक गोष्टही बोलते, कारण तिच्यामुळे कित्येक जणी येत नाहीत आणि कारण मात्र गुडघ्यांचे सांगतात. वाटेवर आडोसा मिळतो. एकीने जायचे, दोघींनी पाठ करून उभे राहायचे, असा आमचा रिवाज आहे. त्या भीतीने पाणी न पिता चढणे हे फार वाईट. थंडीत तहान लागत नाही आणि चक्कर मात्र येते. पाळीच्या दिवसांतही पुष्कळ जणी येतात. वापरलेले कागदात गुंडाळून परत आणायचे. डोंगरात टाकायचे नाही.

कळसूबाईला हल्ली शनिवारी रात्री फार गर्दी असते. सूर्योदय पाहायला झुंडीने मुले येतात, शिड्यांवर रांगा लागतात आणि सकाळी बाटल्या उरतात. आमच्यातल्या सेवानिवृत्त जणींनी आता मधला वार धरायला हरकत नाही, असे मी कधीपासून सुचवते आहे. शिवाय कळसूबाई एकच नव्हे. मळवलीला उतरून लोहगड पायी करता येतो. लोहगड, राजगड, रायगड, साल्हेर यांच्यासह बारा दुर्गांना जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पहिल्यांदा येणारीने लोहगडच करावा, पायऱ्या आहेत. माघ महिन्यात गेलात तर काटेसावर फुललेली दिसेल. फुले लाल.

आणि जेवण गावात घ्यावे, मोबदला हातात द्यावा, घासाघीस करू नये. अकोले तालुक्यातला भात आणि वाल खाऊन पाहा. देशी बियाणे जपल्याबद्दल 2020 साली ज्यांना पद्मश्री जाहीर झाली त्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. आमच्या भाकरीवाल्या बाई काही कुणाला ठाऊक नाहीत. त्यांचे नाव मी इथे मुद्दाम सांगत नाही. त्यांना ते आवडणार नाही. दर हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडे जातो. आता त्या मोजताना बोट उचलत नाहीत, नुसते बघतात, आणि आम्ही साडेतीनला खाली आलो की म्हणतात, "आज लई लवकर?"

त्या वहिनींनी पुढे दोन वर्षे मंडळाच्या जिन्यावर रोज चढउतार केली आणि 2016 च्या जानेवारीत पुन्हा कळसूबाईला आल्या. उतरताना बसल्या नाहीत. आमच्या घरी रविवारी मटार कोण सोलते ते मी सांगणार नाही, कारण ते इथे मागच्या रांगेत बसलेले आहेत. आमटी अजूनही करपते.

या मोसमातली पहिली सहल संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आहे. वही कोषाध्यक्षबाईंपाशी आहे. नावापुढे दोन रकाने आखले आहेत. एकात घरून निघण्याची वेळ लिहायची. दुसऱ्यात त्या दिवशी घरात चहा कोण करणार त्याचे नाव. दुसरा रकाना रिकामा असेल तर त्या त्या घरी जाऊन बोलायला आम्ही दोघी-तिघी तयार आहोत. संध्याकाळी सातनंतर, म्हणजे सगळे घरात भेटतात.